कळसचा डबा गप्प झाला

कळस गावच्या दूध केंद्रातला फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. मी रिसीव्हर कानाला एवढा दाबून धरला होता की कान दुखायला लागला. समोर पडद्यावर कळसचे दोन्ही ठिपके लाल होते. एक आपोआप लाल झाला होता. दुसरा मी केला होता, स्वतःच्या हातानं वायर ओढून, कारण ती ओढल्याशिवाय हा फोन लागणार नव्हता.

जगतापसाहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. ते आमच्या बारामतीच्या मुख्य डेअरीचे व्यवस्थापक.

"मावशी, वायर कुणी काढायला सांगितली?"

"कुणी न्हाय."

"अहो, आज खंडेनवमी. निम्मा पडदा लालच हाय. कळसवाल्यानंबी पूजेला बंद केलं असंल. त्यात एवढं काय?"

"कळसला आज सुदाम हाय," मी म्हणाले. "सुदाम पूजा करत न्हाय."

फोन वाजतच होता. सुदाम त्या केंद्रातला यंत्रचालक. माझ्या माहितीप्रमाणे तो तिथं एकटा होता, आणि त्याच्या टेबलामागच्या भिंतीपलीकडं दूध थंड करायला लागणाऱ्या अमोनिया वायूची टाकी होती.

हे काय चाललं होतं ते समजायला आमचं काम काय होतं ते सांगायला पाहिजे. ही गोष्ट नव्वद सालानंतरची, गावोगाव काँप्युटर नुकते यायला लागले होते तेव्हाची.

मी चौथी शिकलेली. डेअरीत आधी बरीच वर्षं दुधाचे कॅन धुतले. गरम पाणी आणि सोडा. हाताची कातडी सोलून निघाली, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यातलं काम बंद करायला सांगितलं. त्याच सुमाराला वरच्या मजल्यावर काँप्युटरची खोली झाली होती आणि एका पडद्यासमोर दिवसभर बसायला माणूस पाहिजे होतं. शिकलेली दोन पोरं बसवून झाली. एक झोपायचा, दुसरा त्याच पडद्यावर पत्ते खेळायचा. मग मला बसवलं. मी पत्ते खेळत नव्हते, कारण मला ते यंत्रावर कसे लावायचे ते माहीत नव्हतं. यात माझं कौतुक काही नाही.

आमच्या दूध संघाची बारामती आणि इंदापूर तालुक्यात दूध थंड करायची केंद्रं होती. गावातलं दूध तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं बारामतीला यायचं. प्रत्येक केंद्रात दोन यंत्रं आम्हाला दिसायची. एक म्हणजे ऑफिसातला काँप्युटर. किती दूध आलं, फॅट किती लागली, हे तो टेलिफोनच्या लाईनवरून कळवायचा. दुसरा म्हणजे यंत्राच्या खोलीत भिंतीला लावलेला एक डबा. दूध किती थंड आहे आणि कॉम्प्रेसरवर दाब किती आहे, हे तो केंद्राबाहेरच्या खांबावरून वायरलेसनं सांगायचा. शिवाय मुख्य डेअरीत हिशेबाचं मोठं यंत्र होतं. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वेळी घेतलेली, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. यंत्रांच्या बोलायच्या रीतीला इंजिनिअर लोक प्रोटोकॉल म्हणायचे.

आमचे इंजिनिअर फडतरे. आमच्याच भागातला मुलगा, पुण्याला शिकून आलेला. त्यांनी मला पहिल्या दिवशी हे बैलबाजारावरून समजावलं. बाजारात एक गिऱ्हाईक रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतं, दुसरं तोंडानं सांगतं, तिसरं नुसती मान हलवतं. दलालाला तिन्ही रीती यायला लागतात. आमचा प्रोग्राम म्हणजे तो दलाल. ठरावीक वेळानं तो प्रत्येक यंत्राला त्याच्या त्याच्या रीतीनं हाक मारायचा, "आहेस का?" उत्तर आलं की नकाशावर त्याचा ठिपका हिरवा. उत्तर रेंगाळत आलं तर पिवळा. आलंच नाही तर लाल, आणि कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज.

हाक मारणं एवढंच त्या प्रोग्रामला येत होतं. समोरचा बिघडला, वीज गेली, की कोणी बटण बंद केलं, हे त्याला कळायचं नाही. ते फोन करून विचारायचं काम माझं. आणि ज्या वस्तूचा ठिपका नाही, ती वस्तू त्याच्या लेखी जगातच नाही. हे शेवटचं फडतरेंनी सांगितलं होतं, पण ते तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. मी पण नाही.

कामाची गंमत अशी की बहुतेक बिघाड यंत्रात नसायचेच. वरकुटे गावच्या केंद्राचा डबा रोज दुपारी लाल व्हायचा आणि ऊन कललं की हिरवा. फडतरेंनी डबा बदलला, वायर बदलली, पुण्याहून माणूस आणला. त्या माणसानं उन्हानं यंत्र तापतं असा शोध लावला आणि डब्यावर छोटं छप्पर बांधून घेतलं. तरी लाल. शेवटी मी केंद्रातल्या माणसाला फोनवर म्हणाले, "आत बसून बोलू नका, बाहीर जाऊन खांबाकडं बघा."

तो बघून आला. "मावशी, खांबाला म्हस हाय."

"म्हस काय करतीया?"

"अंग घासतीया. खांब डुलतोय."

"मग सोडा की तिला तितनं."

"न्हाय सोडता येत. चेअरमनची हाय."

ते गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. म्हैस रोज दुपारी दूध केंद्राच्या सावलीला बांधायची त्यांच्या घरची पद्धत. मग काय करणार? खांब हलवला. म्हैस आहे तिथंच राहिली.

अंथुर्ण्याच्या केंद्राचे प्रमुख होते आबा. ते एकदा फेटा बांधून थेट आमच्या खोलीत आले. त्यांच्या गावाच्या नावापुढं लाल दिसतं आणि संचालक मंडळ येता-जाता ते बघतं, अशी कोणीतरी काडी लावली होती.

"बाई, आमच्या दुधात पाणी हाय का?"

"न्हाय, आबा."

"आमी कुणाचं बुडवलं का?"

"न्हाय."

"मग आमाला लाल का? लाल शाई मास्तर नापासाला लावतो."

मी सांगितलं की लाल म्हणजे नापास नाही, लाल म्हणजे गैरहजर. ते म्हणाले, "गैरहजर म्हंजी तर आणखीच वाईट. मी रोज हजर असतो." त्यांना पटलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी स्वतः केंद्रातली वीज, लाईन, सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. अंथुर्णे आमच्या पडद्यावर सगळ्यांत हिरवं गाव झालं. अपमान वाटून काम सुधारतं, हे मी तिथं पाहिलं. ते शिकवून झालं नसतं.

बाकीच्यांना मी आवडत नव्हते. केंद्रातली माणसं मला चहाडखोर म्हणायची, कारण कोणी बटण बंद करून जेवायला गेला की माझा फोन जायचा. एकट्या सुदामला त्याचं काही नव्हतं. तो सकाळी काँप्युटर लाईनवर टाकायच्या आधी फोन करायचा. "मावशी, माझ्या डब्याचा ठिपका हिरवा हाय न्हवं? पिकला की सांगा."

"कामं कर."

"करतोय की. तुमी नुसत्या बसून, आमी करतोय."

आता खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं अवजारांची आणि यंत्रांची पूजा करतात. काँप्युटर पुसायचा, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि दिवसभर त्याला विश्रांती द्यायची. हाराखालून काम करून घेणं कोणाला बरं वाटत नाही. दूध थांबत नाही, म्हणून कॉम्प्रेसर चालू ठेवून पूजा करायची. त्याच्यावरचा डबाही चालू राहायचा. त्यामुळे नवमीला माझ्या पडद्याचं रूप ठरलेलं असायचं. गावोगावचे काँप्युटर लाल, डबे हिरवे. मी पिल्लाचा आवाज बंद करून ठेवायचे, नाहीतर डोकं उठायचं.

सुदाम बौद्ध, मीही बौद्ध. आमच्या घरात यंत्रं पुजत नाहीत. तो नवमीची पाळी दरवर्षी मागून घ्यायचा, म्हणजे इतरांना सण मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याला सुट्टी मिळायची. त्यात कोणाचे कोणावर उपकार नव्हते, सोयीचा सौदा होता. म्हणून नवमीला सगळ्या नकाशात कळसचा काँप्युटर तेवढा हिरवा असायचा.

त्या दिवशीही तसाच होता. सकाळचं दूध जाऊन केंद्रं रिकामी झाली होती. मी जेवण उघडून भाकरी खात होते आणि कळसचा डबा लाल झाला. काँप्युटर हिरवा. म्हणजे सगळ्या गावांच्या बरोबर उलटं.

आमच्याकडं एक सोय होती. मी एक बटण दाबलं की समोरच्या काँप्युटरवर "फोन करा" अशी पाटी यायची. काँप्युटर लाईनवर असेल तेव्हा केंद्राचा फोन लागत नसे, लाईन एकच होती. म्हणून ही पाटी. ती मी पाठवली. सुदाम टेबलापाशी असता तर लाईन सोडून त्यानं लगेच फोन केला असता आणि काहीतरी वेडंवाकडं बोलला असता. फोन आला नाही. पाटी पुन्हा पाठवली. तरी नाही.

फडतरे सणाला घरी गेलेले. त्यांचा नियम होता की चालू असलेली लाईन त्यांना विचारल्याशिवाय तोडायची नाही, कारण एकदा तुटली की कळसची लाईन परत जुळायला फार त्रास द्यायची. हिरवा ठिपका एवढीच त्या केंद्राची माझ्याकडं असलेली खूण. ती घालवायची का? मला वाटलं, हिरवा ठिपका यंत्र जिवंत आहे एवढंच सांगतोय, मला माणसाचं पाहिजे. मी मोडेमची वायर ओढली आणि फोन लावला.

तोच हा फोन, ज्यापासून मी सुरुवात केली.

जगतापसाहेबांना मी बोलले ते थोडक्यात बोलले. सुदाम पूजा करत नाही. आणि पूजेसाठी बंद करणारा माणूस काँप्युटर बंद करतो, डबा चालू ठेवतो. इथं उलटं झालंय. साहेबांनी एकदा पडद्याकडं, एकदा माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. अमोनिया काय असतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. श्वासात गेला तर छाती बंद पडते, डोळ्यांत गेला तर डोळे जातात.

"गावात कुणाला फोन लागतोय का बघा. मी गाडी काढतो आन् दवाखान्याला कळवतो," म्हणाले आणि जिना उतरून पळाले.

कळसच्या स्टँडवर बबनचं टेलिफोन बूथ होतं, केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी तिथं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर बबननं उचलला.

"कोण हाय? आज बूथ बंद हाय. फोनला हार घातलाय."

"हार काढ."

"ओ बाई, सणासुदीचं..."

"बबन, मी बारामतीच्या डेअरीतनं बोलतीया. तुमच्या केंद्रात गॅस सुटलाय. सुदाम आत हाय. चार माणसं घे, पोती भिजव, नाकातोंडाला वलं फडकं बांध. वारं पाठीवर घेऊन जा. समोरनं जाऊ नकोस."

गॅस सुटलाय हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगून टाकलं. "बहुतेक" म्हणाले असते तर बबननं आधी हार उतरवून खुंटीला लावला असता.

"व्हय, व्हय," म्हणाला आणि फोन तसाच टाकून गेला. मला त्याच्या ओरडण्याचा आवाज ऐकू येत होता, मग तोही लांब गेला.

मग शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या फोनवरून अंथुर्ण्याला. तिथला काँप्युटर हाराखाली बंद, त्यामुळं लाईन मोकळी होती आणि पहिल्याच घंटीला आबांनी उचलला. त्यांच्या केंद्रात गॅसचा मास्क होता. कळसलाही होता, पण तो यंत्राच्याच खोलीत खिळ्याला टांगलेला, म्हणजे लागेल तेव्हा न मिळणारा. आबांनी एक शब्द जास्त विचारला नाही. त्यांचा यंत्रचालक मास्क घेऊन मोटारसायकलवर सुटला.

त्यानंतर मला करण्यासारखं काही राहिलं नाही. बबनचा फोन तिकडं लोंबत होता, त्याची लाईन मी सोडली नव्हती. तिकडून कुत्र्याचं भुंकणं आणि एका एसटीचा हॉर्न ऐकू आला. समोर पडदा होता. तो आपल्या वेळेवर हाका मारत होता, कळसला दोन, उत्तर नाही. मी उरलेली भाकरी खाल्ली. लोकांनी मला नंतर विचारलं, घास कसा गेला? भूक लागली होती म्हणून गेला.

बऱ्याच वेळानं बबन परत फोनवर आला. धापा टाकत होता, खोकत होता.

"मावशी, दोगं हायती."

"दोगं? दुसरा कोण?"

"तात्या."

तात्या म्हणजे केंद्राचे राखणदार. वयस्कर माणूस. त्यांची रात्रीची पाळी सकाळीच संपली होती, त्यांनी घरी असायला पाहिजे होतं. मला वाटत होतं सुदाम एकटा आहे. ती चूक होती. आणि ती एकच चूक नव्हती.

झालं होतं ते असं. सुदाम पूजा करत नाही हे तात्यांना खुपायचं. "तू न्हाय करत तर नको करूस. यंत्रानं काय पाप केलंय?" असं म्हणून ते दरवर्षी नवमीला अंघोळ करून घरनं परत यायचे आणि कॉम्प्रेसरला स्वतः हळदकुंकू वाहायचे. सुदाम म्हणायचा, "करा, पण माझ्या काँप्युटरला हात लावू नका, हळदीनं बटनं चिकटत्यात." दोघांचं जमलेलं होतं. तात्या काहीच बंद करत नव्हते, म्हणून माझ्या पडद्याला ती पूजा कधी दिसली नव्हती.

नारळ ते दरवर्षी बाहेर उंबऱ्याच्या दगडावर फोडायचे. त्या वर्षी केंद्राला नवी फरशी बसवली होती आणि फरशीवर नारळ फोडू नये असा आमच्याच ऑफिसचा हुकूम गेला होता. तात्या हुकूम मानणारे. त्यांनी फोडायला दुसरं कठीण काही शोधलं, ते सापडलं अमोनियाच्या टाकीच्या लोखंडी पायात. टाकीच्या अंगाला एक उभी काचेची नळी असायची, आत माल किती आहे ते बघायला. करवंटीचा तुकडा उडाला तो त्या नळीवर. नळी फुटली आणि गॅस सुटला.

तात्यांचे डोळे मिटले ते मिटलेच. आंधळ्यासारखं चाचपडत ते भिंतीला धरायला गेले, हाताला आमचा डबा लागला, आणि डबा उपटून घेऊन ते खाली पडले. पडद्यावर मला जे लाल झालेलं दिसलं, ते तात्यांचं पडणं होतं.

सुदाम टेबलावरून उठला, प्यायच्या पाण्याचा माठ स्वतःच्या डोक्यावर ओतला, ओला टॉवेल तोंडाला बांधून आत गेला. त्यानं तात्यांना बगलेत धरून दारापर्यंत ओढलं. दाराच्या उंबऱ्यात, त्या नव्या फरशीवर, त्याचाही दम संपला. माझा फोन त्याला ऐकू येत होता, असं तो नंतर म्हणाला. हात हलत नव्हता. बबननं आणि चौघांनी ओली पोती टाकून दोघांना बाहेर काढलं, कॅन धुवायच्या पाइपनं त्यांच्यावर पाणी सोडत राहिले. अंथुर्ण्याच्या माणसानं मास्क लावून आत जाऊन कॉक बंद केला. जगतापसाहेबांच्या गाडीतून दोघांना बारामतीच्या दवाखान्यात आणलं.

पुढं चौकशी झाली. एका अधिकाऱ्यानं मला विचारलं, "तुम्ही बरोबर कसं ओळखलं?"

मी म्हणाले, "बरोबर न्हाय ओळखलं. साहेब म्हणत हुते पूजेमुळं, मी म्हणत हुते पूजा न्हायच. पूजेमुळंच झालं. आन् सुदाम एकला हाय म्हणत हुते, ते दोगं निघाले."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. चौकशीत सगळा ठपका तात्यांवर आला. फरशीच्या हुकमाचं कोणी काही बोललं नाही, हुकूम काढणारे समोरच बसले होते. हे मी तेव्हा मोठ्यानं म्हणाले होते आणि आताही म्हणते. सगळ्या केंद्रांत काचेच्या नळीला लोखंडी जाळी बसली आणि मास्क बाहेरच्या खोलीत आले. या दोन्ही गोष्टी आधी व्हायला हरकत नव्हती. नळीचा ठिपका नव्हता, मास्कचा ठिपका नव्हता, म्हणून आम्हाला दोन्ही दिसत नव्हती.

नंतर नवीन यंत्रं आली, सगळी एकाच भाषेत बोलणारी. दलालाची गरज उरली नाही. तो प्रोग्राम काढून टाकला आणि मला दुधाची पाकिटं मोजायला बसवलं. मला फार वाईट वाटलं नाही. एवढंच वाटलं, की नव्या प्रोग्राममध्ये ठिपका लाल झाला की तो आपोआप कुठंतरी नोंद करून ठेवतो, आणि ती नोंद कोणी सवडीनं वाचतं. उठून फोन करणारं कोणी नाही. मी फडतरेंना तसं म्हणाले. ते म्हणाले, "मावशी, आता बिघाड कमी होतात." तेही खरं होतं.

दवाखान्यात मी त्या नवमीच्या दुसऱ्याच दिवशी गेले होते. दोघांच्या खाटा शेजारी-शेजारी. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी. सुदामच्या घशातून नीट आवाज निघत नव्हता, तरी तो भांडत होता.

"तात्या, पुढल्या साली नारळ घरनंच फोडून आणायचा."

"फुटका नारळ देवाला चालत न्हाय, गाढवा."

"मग केळं आणा."

तात्यांचा उजवा डोळा गेला, डाव्यानं पुढं दिसत राहिलं. सुदामचा आवाज बसला तो कायमचा, जिना चढताना अजून थांबतो. त्या नवमीला कळसच्या केंद्रात ते दोघं होते. दोघंही जगले.